सात नंबरचा घोडा

भोसरी, पुणे
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सोमेश्वरदादास,
सा. न. वि. वि. आणि हे पत्र तुझ्याआधी उघडून वाचणाऱ्या कारागृहातल्या साहेबांनाही नमस्कार. इथून पाठवलेली पत्रं आधी तपासली जातात असं वकिलांनी सांगितलं आहे. म्हणून कोर्टात सांगता येणार नाही असं काही यात लिहीत नाही.

आधी तुझ्या लेकीची, संस्कृतीची खबर. डाव्या हाताचं हाड दोन ठिकाणी मोडलं आहे, प्लास्टर सहा आठवडे राहील. ओठाला पाच टाके होते, ते परवा काढले. स्ट्रॉने दूध पिते आणि दुधात बोर्नव्हिटा नसेल तर ग्लास उलटा करते, म्हणजे स्वभाव शाबूत आहे. बोलणं मात्र कमी झालंय. बबितावहिनी तिच्याजवळून हलत नाहीत.

त्या दिवशीचा क्रम लिहून पाठव, असा निरोप वहिनींकडून मिळाला. सगळं धुक्यासारखं वाटतंय, असं तू म्हणालास म्हणे. लिहिते.

२६ जानेवारी, रविवार. अप्पांनी शाळेत झेंडा फडकवला. त्यानंतर साडेदहापर्यंत आपण शेतात हुरडा खाल्ला. तू गुळाचा खडा अप्पांच्या टोपीत लपवलास आणि मुंग्या झाल्यावर माझं नाव घेतलंस, हेही क्रमात आहे. मग अप्पा, तू, वहिनी, संस्कृती आणि मी असे पाच जण गाडीतून चिमणबागेत गेलो. हुरड्यानंतर चिमणबाग, हे आपलं लहानपणापासूनचं. कारखान्याने कामगारांच्या पोरांसाठी बेचाळीस वर्षांपूर्वी ती बांधली, आता ठेकेदाराकडे आहे. मोठा पाळणा बंद आहे, झुकझुक गाडीचा एक डबा झाडाखाली पडलाय, त्यात कोंबड्या बसतात. घोड्यांचं चक्र तेवढं चालू. बारा पत्र्याचे घोडे, वरच्या चौकटीला पाइपने टांगलेले. चालवायला अजून बंकटमामाच. मी आठ वर्षांची असताना त्यांनी मला बॅटरीच्या उजेडात खालचा पट्टा आणि गिअरबॉक्स दाखवला होता. यंत्र आतून बघायची ती माझी पहिली वेळ. तू तेव्हा घोड्यावरून उतरायला तयार नव्हतास आणि मामांनी तुला कानाला धरून उतरवलं होतं.

१२ वाजून १७ मिनिटांनी संस्कृती सात नंबरच्या घोड्यावर बसलेली होती. १२.१९ ला मामांनी घंटा मारून चक्र सुरू केलं. मिनिटाला सात फेरे, म्हणजे सेकंदाला पावणेदोन मीटर. चौथ्या फेऱ्यात सात नंबरचा पाइप वरच्या वेल्डिंगपाशी तुटला. घोडा अंदाजे चोवीस किलो, पोरगी चौदा. दोघं बाहेरच्या बाजूला पडले आणि घोडा तिच्या हातावर आला.

मामा स्टार्टरकडे धावले. तू मध्ये आलास. हत्यारांच्या पेटीवर चोवीस इंची पाइप पाना होता, तो तू उचललास. पहिला फटका खांद्यावर. ते वळले. दुसरा कानावर आणि तिसरा डोळ्यावर बसला. चौथ्याला ते गुडघ्यांवर आले. सातव्यानंतर त्यांनी हात वर केला नाही. ते काहीतरी म्हणत होते, पण चक्र चालूच होतं, मला नीट ऐकू आलं नाही. नवव्याला अप्पांनी तुझ्या कमरेला मिठी मारली, त्यांना तू झटकून दिलंस. मी एकूण अकरा मोजले. त्यानंतर पाना तुझ्या हातातून निसटला, कारण मूठ ओली झाली होती. मग मी स्टार्टर बंद केला.

केसेस दोन आहेत. एक तुझ्यावर. दुसरी बंकटमामांवर, निष्काळजीपणाने संस्कृतीला इजा केल्याची, अप्पांच्या फिर्यादीवरून. मामा संभाजीनगरला दवाखान्यात आहेत. कवटीचा एक तुकडा काढलाय, डावा डोळा गेला. दाराशी पोलीस बसवलाय. बरे झाले की अटक.

यापेक्षा जास्त लिहीत नाही. जेवत जा. लोभ आहे तेवढाच राहू दे, त्यात काटछाट नको.

तुझी,
उज्ज्वला

०००

जिल्हा कारागृह
१४ फेब्रुवारी २०२५

चि. उज्ज्वलास,
दादाचा आशीर्वाद. तुझं पत्र न्हाई आलं, पंचनामा आला. पोलिसांनी एवढा नीट लिवला न्हाई. इथल्या साहेबांनी वाचला आन मला म्हणले, तुझी बहीण का सरकारी वकील बे?

अकरा म्हणतीस. म्या तर तीनच मारले आसं ध्यानात हाय. पण तू मोजले आसतील तर आसतील, तुझं गणित कधी चुकत न्हाई. बारावीला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव पडले तवा दोन कावून गेले म्हणून तू जेवली न्हवतीस.

हितं बरं हाय म्हणलं तर खोटं व्हईल. परवा आंघोळीच्या बादलीवरून एकानं संस्कृतीचं नाव घेऊन घाण बोललं. म्या त्याचं तोंड नळावर आपटलं. त्याचे दोन दात गेले आन माझ्या करंगळीचं हाड. आता एकटा ठिवलंय. एकट्याला इचार लई येतेत. डोळे झाकले की पोरगी घोड्याखाली दिसती. उघडले की त्यो दिसतो. बरं वाटतं म्हणू का वाईट, मलाच उमगंना. तुला खरं सांगतो, त्याला समोर आणला तर पुन्हा मारीन.

कारण आसं की त्याला ठावं होतं. वकील सांगत होता, त्या दिवशी सकाळीच त्यानं ठेकेदाराला फोन केलता, सात नंबरच्या पाइपाला तडा हाय म्हणून. वेल्डर दुपारी येणार व्हता. मग ठावं आसून माझी लेक त्याच्यावर बसू दिली कशी? तोंड न्हवतं का त्याला? मार खाताना मात्र चिंदी, चिंदी करत व्हता. कसली चिंदी, त्यालाच म्हाईत.

चूक माझी बी हाय, पण ती येगळी. बाकीचे अकरा घोडे उघडे, त्या एकाच्याच गळ्यात तांबडं बांधल्यालं. मला वाटलं, झेंड्याचा दिस हाय, हा मानाचा घोडा आसंल. म्याच बबिताला म्हणलं, माझ्या लेकीला मानाच्या घोड्यावर बसवा, आन तिकिटं काढाया गेलतो. मान नडला. पण चक्कर चालवणाऱ्याला डोळे दिलेत ना देवानं?

तू पुण्यात लिफ्टा तपासतीस. तुझी सही झाली तर दहा मजल्यांची लिफ्ट चालती, न झाली तर बंद. मग ह्या एका घोड्याचं लिवून दे. चालवणाऱ्यानं तडा बघून बी कसली खूण केली न्हवती, आसं. वकील म्हणतो त्यानं माझं कलम हलकं व्हईल. बाप म्हणून डोकं फिरलं आसं धरतील. तुझ्या एका कागदावर माझी सात-आठ वर्सं हायेत उज्जे.

संस्कृतीला माझा पापा दे, ओठ सोडून. धाकटीवर मोठ्याचा जीव आसतो तेवढा हायच, निम्मा तू बी ठिव.

तुझा दादा,
सोमेश्वर

०००

मु. पो. वडवणी
२० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कां. उज्ज्वला हिस,
रामकिसनचे अनेक आशीर्वाद. फोनवर या विषयाचं बोलू नका असं वकिलांनी बजावलं आहे, म्हणून हे पत्र तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर माणसाच्या हाती पाठवतो. वाचून फाडून टाकणे.

घरी सर्व क्षेम म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. तसं ते नाही. धर्मराज, म्हणजे दादाचा जोडीदार, त्याला आम्ही गप्प बस म्हणत होतो. त्यानं ऐकलं नाही. मागच्या आठवड्यात मंगळवारी भरदिवसा चार पोरं घेऊन तो बंकटच्या वस्तीवर गेला. माणसं दवाखान्यात, जाळीत मेंढ्या तेवढ्या. एकेकीला धरून पाय मोडले. नऊ मेंढ्या. एक गाभण होती. मी सांगितलं नव्हतं. पण सांगितलं नव्हतं यावर आता कोण विश्वास ठेवणार? तीन दिवसांनी बंकटचा पुतण्या अभिमन्यू यानं भर बाजारात धर्मराजला गाठला. वांग्याच्या पाटीत तोंड दाबून काठीनं पाठ फोडली, गळपट्टीचं हाड मोडलं. बाजारातलं कुणी मध्ये पडलं नाही. आपल्या बैठकीच्या खिडक्यांना आता काच राहिलेली नाही, पोती लावली आहेत.

हे थांबवायचं तर एकच मार्ग आहे. तू तांत्रिक अहवाल द्यायचा. बंकट दोषी ठरणार असं दिसलं की त्याची माणसं नरम येतील. मग आपण आपली फिर्याद मागं घेऊ, ते त्यांची घेतील. गावात दोन समाज पुन्हा एका पंगतीला बसतील. मी तीस वर्षं हेच केलं आहे, त्यातलं मला कळतं. तुला यंत्रातलं कळतं. ज्यानं त्यानं आपापलं करावं.

त्या दिवशीचे फोटो तुझ्या फोनमध्ये आहेत ते कुणाला दाखवू नकोस. खरं तर काढूनच टाक. पोरीचे ते फोटो बघवणार कुणाला?

तू कमी बोलतेस, हा गुण मी नेहमी वाखाणला. आता लिहितानाही तो सांभाळ. या म्हाताऱ्याची माया आहे तशीच आहे, तिला तडा जाऊ देऊ नकोस.

तुझा,
अप्पा

०००

भोसरी, पुणे
२७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अप्पांस,
उज्ज्वलाचा शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. फाडलं नाही, पण कुलुपात ठेवलं आहे. फोटोही काढून टाकलेले नाहीत. अहवाल मी देऊ शकत नाही. ज्या अपघातात घरचं माणूस आहे त्याची तपासणी आम्हाला करता येत नाही, हा नियम आहे. हे कारण तुम्हाला पुरेसं वाटणार नाही, म्हणून दुसरं लिहिते.

रविवारी मी संभाजीनगरच्या दवाखान्यात गेले होते. कुणाला विचारलं नव्हतं. दारावरच्या पोलिसाने नाव विचारलं, ते मी खरं सांगितलं. तेव्हा बंकटमामांच्या घरच्या भामाबाई उठून आल्या आणि त्यांनी सगळ्या वॉर्डासमोर माझ्या तोंडात मारली. चपला न घालता आल्या होत्या त्या, मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले. मग त्यांनीच मला बाकावर बसवलं. म्हणाल्या, बसा, मारायचं होतं ते मारून झालं, आता माझ्या हातात जोर न्हाई.

मामांचं डोकं एका बाजूने आत गेलं आहे. चुरगळलेल्या डब्यासारखं दिसतं. त्यांनी मला एका डोळ्याने ओळखलं. शब्द सुटे सुटे येतात. चक्कर बंद केली का, असं विचारलं. केली म्हटलं. बरं झालं, म्हणाले. पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. डॉक्टर म्हणतात, त्या दिवशीचं त्यांना काहीही आठवत नाही आणि आठवणारही नाही. म्हणजे स्वतःच्या बाजूने ते एक वाक्य बोलू शकणार नाहीत.

भामाबाईंनी मात्र सांगितलं. त्यांच्याकडे मेंढी लंगडली किंवा आजारी पडली की तिच्या गळ्यात तांबडी चिंधी बांधतात. चिंधी दिसली की तिला कुणी हाकायचं नाही, चारायला न्यायचं नाही, विकायचं नाही. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. पोरांनाही हे सांगावं लागत नाही. मामा चक्रावर अडतीस वर्षं आहेत आणि बिघडलेल्या घोड्याला ते हीच खूण करत आले. त्या दिवशीही सकाळी स्वतःच्या जुन्या फेट्याची पट्टी फाडून सात नंबरला बांधली होती. चक्र सुरू करताना ते एकच बघायचे, चिंधीच्या घोड्यावर कुणी नाही ना. भामाबाईंनी हे पोलिसांना सांगितलं. पोलीस म्हणाले, जागेवर चिंधी मिळाली नाही.

अप्पा, दादाने चिंधीला मान समजला. तुम्ही, मी, वहिनी, कुणालाच ती काय आहे हे माहीत नव्हतं. तीस वर्षं तुम्ही त्या लोकांची मतं मागत फिरलात, पण त्यांच्या मेंढीच्या गळ्यातलं आपण कधी विचारलं नाही. माझ्या कामात हीच गोष्ट रोज असते. जो माणूस लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो, तो मेन स्विचला स्वतःचं कुलूप आणि स्वतःच्या नावाची पिवळी पाटी लावतो. ती दुसऱ्याने काढायची नाही. अगदी साहेबानेही नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

तब्येतीला जपा. बैठकीला काचा बसवून घ्या, पोत्यांनी आत अंधार होत असेल. मायेबद्दल तुम्ही लिहिलंत, ती मी तशीच जपून आहे, पुढचं तुमच्याकडे.

तुमची,
उज्ज्वला

०००

वडवणी
३ मार्च २०२५

आदरणीय उज्ज्वलाताईंस,
बबिताचा नमस्कार. माझा फोन मामंजींनी कपाटात ठिवलाय, म्हणून संस्कृतीच्या चित्रकलेच्या वहीतलं पान फाडून लिवते. मागं हत्ती हाय तो तिनं काढलाय, सोंड कमी पडली म्हणून दुसरी काढली. पत्र माझा भाऊ टाकीन.

तुमचं पत्र मामंजींनी चहा पिताना वाचलं. कप भिंतीवर फेकला. कडूबाई भांडी घासायला आली व्हती, तिच्या डोक्यावरून गेला. मग म्हणले, पोरीला शिकवून चूक केली, आन पत्र पुन्हा मोठ्यानं वाचलं. म्या फरशीवरच्या काचा येचत व्हते, म्हणून मला सगळं ऐकाया मिळालं.

ताई, घराची दशा काय सांगू. काल कोंबड्यांच्या खुराड्यात कुनीतरी पेटता बोळा टाकला, अकरा कोंबड्या जळाल्या. मामंजींनी बंदूक काढून तेल घातलं. भीती वाटती ती बाहेरच्याची न्हाई आता. संस्कृती प्लास्टरच्या हातानं बाहुलीला मारती. उलथनं घेती आन मारती आन म्हणती, बोल, कावून बसवलं, बोल. तिनं बापाचं बघितलं ते समदं ध्यानात ठिवलंय. म्या उलथनं काढून घेतलं तर मला चावली. दात उमटलेत.

आता जे लिवते ते दोघींतच राहू द्या. म्या बघितलंय. तुमी फोटो काढत व्हता, तवा घोड्याच्या गळ्यातलं तांबडं फडकं पोरीच्या नव्या फ्रॉकवर येत व्हतं. तुमी ते सोडलं आन पर्समधी ठिवलं. म्या तिला धरून उभी व्हते, तुमच्यापासनं दोन हातांवर. फडकं मळकं व्हतं, तुमी नाकाला रुमाल लावला. म्या तवा काय बोलले न्हाई कारण मला बी ते घाणच वाटलं. पुन्हा बोलले न्हाई कारण यांची सुटका तुमच्यावर हाय.

तुमचं मामंजींना आल्यालं पत्र म्या ऐकलं. त्यात तुमी समदं लिवलंय, चिंधी कुनी बांधली, कावून बांधली. कुनी सोडली ते न्हाई लिवलं. म्हंजे तुमी बी ठरवलंय आसं मी धरते. बरं केलं. फडकं चुलीत घाला, फोटो पुसा. बंकटमामा तसे बी अर्धे गेल्यालेच हायेत, आपलं माणूस तेवढं परत येऊ द्या. मला पापी म्हणा. मला चार वर्सांची लेक हाय.

तुमी आलात की तुमच्यासाठी ठिवल्याला हुरडा भाजून देते, वाळून गेला आसंल तरी. वहिनीला इसरू नका, एवढंच मागणं.

तुमची,
बबिता

०००

भोसरी, पुणे
९ मार्च २०२५

प्रिय सोमेश्वरदादास,
सा. न. वि. वि. महिन्यापूर्वी पाठवलेल्या पत्रात मी दोन गोष्टी चुकीच्या लिहिल्या. एक वगळली आणि एक खोटी सांगितली. ती दुरुस्ती आज करते. तुला हे वकिलांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून.

वगळलेली गोष्ट. माझ्या फोनमध्ये सात नंबरच्या घोड्याचे दोन फोटो आहेत. पहिला १२.१६.४० चा. त्यात घोड्याच्या गळ्यात तांबडी चिंधी आहे, गाठ डाव्या बाजूला. दुसरा १२.१७.०५ चा. त्यात चिंधी नाही. मधल्या पंचवीस सेकंदांत ती मी सोडली. ती फ्रॉकवर येत होती आणि फोटोत घाण दिसत होती. जवळ कचऱ्याचा डबा नव्हता, म्हणून पर्समध्ये टाकली. गाठ चांगली पक्की होती. नखाने सोडवायला वेळ लागला, तेव्हाच विचार करायला हवा होता की एवढी पक्की गाठ कुणी शोभेसाठी मारत नाही. ती चिंधी म्हणजे काय, हे मी अप्पांना लिहिलं आहे, तुलाही आतापर्यंत समजलं असेल. ती मामांची पाटी होती. तू विचारलं होतंस की त्यांना तोंड नव्हतं का. त्यांनी सांगितलं होतं, दादा. ते मी काढून टाकलं. ते चक्राच्या पलीकडे स्टार्टरपाशी उभे होते. त्यांनी नेहमीसारखं चिंधीच्या घोड्यावर कुणी बसलंय का ते बघितलं, चिंधी कुठे दिसली नाही म्हणजे रिकामा घोडा चक्राच्या मधोमधच्या मोठ्या पिंपामागे आहे असं धरलं आणि घंटा मारली.

खोटी गोष्ट. मामा काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही, असं मी लिहिलं होतं. चक्राचा आवाज एवढा नव्हता. मी चार पावलांवर होते. पहिल्या फटक्यानंतर ते वळले आणि त्यांनी विचारलं, चिंधी कुणी सोडली. कानातून रक्त येत असताना पुन्हा तेच विचारलं. गुडघ्यांवर आल्यावर तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ते तुझ्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते, एकाच डोळ्याने. मला मेंढ्यांचं काही माहीत नव्हतं, पण माझ्या कामामुळे पहिल्याच वेळी सगळं कळलं. पर्स उघडी होती. मी तिची चेन ओढून घेतली.

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चार फटके झाले होते. सात बाकी होते. मी तेव्हा एक वाक्य बोलले असते तर कदाचित तू थांबला असतास. बोलले नाही, कारण तो पाना माझ्याकडे वळेल अशी मला भीती वाटली. त्याऐवजी मोजत राहिले. हे कारण म्हणून लिहिलं आहे, माफी म्हणून नाही.

गुरुवारी मी बीडला येऊन जबाब दिला. फोन, दोन्ही फोटो आणि चिंधी पोलिसांच्या ताब्यात दिली, तशी पावती घेतली. चिंधी सहा आठवडे माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. ती मी जाळली नाही, हे मी मुद्दाम केलं की नुसतं झालं, ते सांगता येत नाही. बंकटमामांवरची केस आता टिकणार नाही. माझ्यावर काय होईल ते बघू. कंपनीला मी स्वतः कळवलं, त्यांनी माझं कुलूप आणि पिवळी पाटी तूर्त जमा करून घेतली आहे.

तुझ्या वकिलांनी फोन करून मला नको नको ते ऐकवलं. मामांनी तुला चिथावलं असं आता म्हणता येणार नाही, सात-आठ वर्षं नक्की समज, असं म्हणाले. अप्पा जबाबाच्या दिवशी पोलीस ठाण्याबाहेर गाडीत बसून होते. मी काच वाजवली. त्यांनी काच खाली घेऊन माझ्या तोंडावर थुंकलं आणि ड्रायव्हरला चल म्हणाले. वहिनींनी निरोप पाठवला की आता वडवणीला पाऊल टाकू नका. संस्कृतीचं प्लास्टर उतरलं हे मला त्याच निरोपात कळलं.

तू माझ्यासाठी एकदा शाळेत मार खाल्ला होतास. वर्गाची काच मी फोडली होती आणि गुरुजींनी विचारल्यावर गप्प बसले होते. तू हात पुढे केलास. त्याही वेळी मी छड्या मोजल्या होत्या. सहा.

लोभ मागायचा अधिकार या वेळी मला नाही, म्हणून शेवटची ओळ कोरी सोडते.

उज्ज्वला

०००

जिल्हा कारागृह
१७ मार्च २०२५

उज्ज्वलास,
आशीर्वाद लिवायला हात उचलंना, तो तू मनानं घे न्हाईतर सोडून दे.

तुझं पत्र वाचलं आन भिंतीवर डोकं आपटलं. टाके पडले, चार. हितल्या डॉक्टरला म्हणलं मोजा बरं, आमच्यात मोजायची रीत हाय. तू समोर आसतीस तर काय केलं आसतं ते लिवत न्हाई, साहेब वाचतेत. तीन दिस जेवलो न्हाई. चौथ्या दिशी खाल्लं.

अकरा फटके मोजाया तुला येळ होता. एक शबुद बोलाया न्हवता. हे मी मरस्तवर इसरणार न्हाई आन तू बी इसरू नको. पण हे बी खरं हाय की पाना तुझ्या हातात न्हवता. चिंधी सोडाया पंचवीस सेकंद लागले म्हणतीस. अकरा मारायला त्याच्याहून जास्त लागले आसतील. तेवढ्या येळात त्यानं तीनदा इचारलं, आन म्या एकदा बी थांबून इचारलं न्हाई की बाबा, कसली चिंधी.

ते कानाला धरून उतरवल्याचं तू लिवलं व्हतंस ते आठवलं. घोड्याच्या पाइपाला कायतरी झालतं म्हणून उतरवलं व्हतं. त्या दिशी बी तांबडं बांधलं व्हतं गळ्यात. मला तवा त्याचा राग आलता.

वकिलाला सांगितलं, बहिणीचा जबाब खोटा हाय आसं म्हणायचं न्हाई. तो म्हणला मग दुसरा वकील बघा. बघतो.

बबिताला लिव की उलथनं लपवून ठिवू नको, पोरीच्या हाती दे आन तिच्याजवळ बस. धर्मराजला आन अप्पाला मी लिवतो, बंदूक पोलिसात जमा करा म्हणून. ऐकतेत का न्हाई ते त्यांचं.

पुढची तारीख २ एप्रिलची. तुला साक्षीला बोलवतील. मामांना बी चाकांच्या खुर्चीवर आणणार हायेत म्हणं. मधल्या दारातून मला आणतेत, हातात बेड्या आसतील. तवा माझ्याकडं बघत बसू नको. बंकटमामाकडं बघ, आन त्यांनी चौथ्यांदा इचारलं तर उत्तर दे.

भाऊ हाय, तेवढा राहीन.

सोमेश्वर